अक्काच्या वतीनं

गेल्या वर्षीचा वर्षावास, पावसाळ्यातले ते तीन महिने, मी ज्या मनानं काढला, तसा तो कोणाच्या वाट्याला येऊ नये. शाळेतून आले की हातपाय धुवायचे, पांढरी साडी नेसायची आणि आदिलाबादच्या आमच्या वस्तीतल्या विहारात जाऊन बसायचं. तोंडानं त्रिशरण, पंचशील चालू असायचं आणि डोळे मिटले की समोर यायची माझी वहिनी. तिचे पिठानं माखलेले हात, त्या हातांना धरून बसलेली माझी अक्का. सर्वांचं मंगल होवो असं म्हणताना मी त्यातून एका बाईला हळूच वगळत असे. हे कोणाला कळत नव्हतं. उलट आजूबाजूच्या बाया म्हणायच्या, 'मॅडमचा चेहरा बघा किती शांत.' घरी येऊन मी आरशात बघायची. मला तिथं शांती वगैरे काही दिसत नसे. इतकी वर्षं विहारात येऊन मला नक्की मिळालं काय, असा प्रश्न मनात यायचा.

अक्का माझी थोरली बहीण. वय साठीकडे झुकलेलं, पण समज लहान लेकराच्या पुढे गेली नाही. जन्मापासूनच तशी आहे. मोजके शब्द बोलते: मा, दे, नाई, च्या. आई होती तोवर ती आईजवळ, नार्नूरकडच्या आमच्या गावी राहिली. तिथं दादा आणि वहिनी शेती करतात, कापूस आणि ज्वारी. मी शिकले, मास्तरीण झाले, आदिलाबादला घर केलं. लग्न केलं नाही. लोक म्हणत, बहिणीसाठी केलं नाही, आणि मी ते कधी खोडून काढलं नाही, कारण ऐकायला बरं वाटायचं. आई गेली तेव्हा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्या आटोपल्या मी अक्काचं गाठोडं बांधलं आणि तिला घेऊन निघाले. वहिनी बस थांबते तिथपर्यंत पदर तोंडाला लावून आली. मला वाटलं, नाटक करते आहे.

माझ्या घरी मी अक्काला काय नाही केलं? वेगळी खोली, मच्छरदाणी, शहरातले चांगले डॉक्टर, वेळेवर दूध, मी शाळेत असताना सोबतीला एक बाई. अक्काला मी कशालाच हात लावू देत नव्हते. आयुष्यभर राबली, आता बसू दे, असं म्हणायची. ती बसली. दाराकडे तोंड करून, मांडीवर गाठोडं घेऊन, नुसती बसली. जेवण निम्म्यावर आलं. मधूनच 'मा, मा' म्हणायची. मला वाटायचं आईची आठवण येते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि आईच्या आठवणीनं स्वतःच रडायची.

मग एक दिवस वहिनी ज्वारीचं पीठ घेऊन आली. उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत अक्का उठली. 'मा!' म्हणत तिनं वहिनीच्या गळ्यात हात टाकले, तिच्या मानेत तोंड खुपसलं. आई मरून कित्येक महिने झाले होते आणि अक्का ज्या माला हाक मारत होती ती जिवंत होती. माझ्यासमोर उभी होती, बसच्या धुळीनं भरलेली. मला हाक मारायला मात्र अक्काकडे एकही शब्द नव्हता. त्या क्षणी छातीत जे पेटलं ते पुढं कितीतरी महिने विझलं नाही. वहिनीला मी चहा दिला, बसा म्हटलं, ख्यालीखुशाली विचारली आणि आत जाऊन फळीवरची भांडी उगाच आपटत राहिले.

अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा दवाखान्यात विचारलं, सही कोण करणार? स्वतःचा निर्णय घेऊ न शकणाऱ्या मोठ्या माणसाला कायद्यानं नेमलेला पालक लागतो. त्यासाठी कलेक्टर कचेरीत एक कमिटी असते, तिथं मी अर्ज केला. दादाची हरकत नव्हती. जन्मात कधी कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेली वहिनी मात्र कचेरीत जाऊन सांगून आली, की सही कोणाचीही असो, अक्का कुठं राहील ते आधी तिला विचारा. कमिटीनं ठरवलं, की दोन्ही घरांशी काही संबंध नसलेलं एक माणूस अक्काला भेटेल, तिचं मन जाणून घेईल आणि तिच्या वतीनं कमिटीपुढं बोलेल. मला हसू आलं. अक्काचं मन जाणायला परकं माणूस? मग मी काय करत होते?

ते माणूस म्हणजे विजयम्मा. नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या तेलुगू बाई, ठेंगण्या, केसांत मोगऱ्याचा गजरा, मराठी मोडकं पण बिनधास्त. पहिल्याच दिवशी त्यांनी अक्काला विचारलं, 'जेवण झालं काय?' सवयीनं मी उत्तर दिलं, 'झालं, पण कमी जेवते, आणि तिला तिखट चालत नाही.'

विजयम्मांनी माझ्याकडे बघून हात जोडले. 'मॅडम, तुमचं मी सगळं ऐकते. पण वेगळं बसून. आता मी यांच्याकडे आलेय. तुमी थोडं आत बसता काय?'

माझ्याच घरात मला आत बसायला सांगितलं! मी आत गेले, पण दाराच्या फटीतून बघत राहिले. विजयम्मा जमिनीवर अक्काच्या शेजारी बसल्या. काही विचारलं नाही. पिशवीतून कापूस काढला आणि देवळासाठी वाती वळायला लागल्या. बराच वेळ गेला. अक्कानं मान वळवून बघितलं. मग हात पुढं करून 'दे' म्हणाली. विजयम्मांनी कापसाचा पुंजका दिला. अक्कानं तो नखानं मोकळा केला, त्यातला काडीकचरा वेचून बाजूला ठेवला, तळहातावर घेऊन वळला. वात झाली. ती तिनं विजयम्मांच्या डोळ्यांपुढं धरली आणि हसली. माझ्या घरी आल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. दाराच्या फटीत उभी राहून मी एका म्हाताऱ्या नर्सवर जळत होते. आता दोन झाल्या, असं माझ्या मनात आलं.

त्या येत राहिल्या. कधी वाती, कधी शेंगा फोडणं, कधी नुसतंच बसणं. एकदा जाताना म्हणाल्या, 'दुसरं घर बी बघायला पाहिजे. अक्का तिथं कशी राहते ते बघितल्याशिवाय मी काय बोलू?' भाद्रपद पौर्णिमेला गावच्या विहारात कार्यक्रम होता, तेव्हा तिघींनी जायचं ठरलं. बसमध्ये अक्का खिडकीशी बसली आणि तिच्या शेजारी विजयम्मा. मी मागच्या बाकावर. सागाच्या डोंगरातून बस वळणं घेत होती आणि मी पुढच्या दोन डोक्यांकडे बघत होते, एक पांढरं, एक गजऱ्याचं.

गाव आलं तशी अक्का आमच्या आधी उतरली आणि वाट धरून चालू लागली. माझ्या घरी तिला न्हाणीपर्यंत हात धरून न्यावं लागायचं. वहिनी दारात होती. तिनं ना मिठी मारली ना लाड केले. 'आली का व! काऊन इतकी वाळली? चाल, हात धू, पीठ काढ.' अक्का हसत हसत आत गेली आणि डब्यातून पीठ काढू लागली. पीठ खाली सांडलं तशी वहिनी ओरडली, 'अवं डोळे फुटले का तुये!' अक्कानं खदाखदा हसून आणखी थोडं सांडलं. मी तिला कधी एका शब्दानं रागावले नव्हते. रागवावं इतकी ती मला माणूस वाटतच नव्हती की काय, हा विचार तेव्हा आला नाही. तेव्हा एवढंच वाटलं, की वहिनीच्या शिव्यासुद्धा माझ्या मायेपेक्षा गोड लागतात हिला.

संध्याकाळी विहारात सतरंज्या अंथरल्या त्या अक्कानं. बाया कडेला थांबून होत्या. 'अक्काबाईचं होऊ द्या,' म्हणाल्या. एकेक घडी उलगडून, कोपरे ओढून, पायानं सुरकुती सरळ करून तिनं काम पुरं केलं आणि मग सगळ्या बसल्या. वंदना सुरू झाली आणि मला माझ्या बाजूनं एक जाडसर आवाज ऐकू आला. अक्का प्रत्येक ओळीचा शेवट म्हणत होती. शब्द फुटत नव्हते, पण सूर बरोबर सगळ्यांच्या सुरात पडत होता. मी वहिनीकडे बघितलं. ती कुजबुजली, 'इथं व्हती तवा रोजच म्हनायची.' माझ्या घरापासून विहार हाकेच्या अंतरावर होता आणि मी अक्काला एकदाही नेलं नव्हतं. ती तिथं ओरडली तर, या भीतीनं.

घरी परतल्यावर वहिनी चुलीपुढं बसली. अक्का तव्यावरची भाकर काढायला गेली आणि मनगटाला चटका बसला. वहिनीनं तिचा हात पाण्यात धरला, फुंकर घातली. मी जवळ गेले, मोबाइल काढला आणि त्या लाल डागाचा फोटो घेतला. कशासाठी, ते मला नीट ठाऊक होतं. कमिटीपुढं तो एक फोटो पुरेसा होता. वहिनीलाही कळलं. तिनं स्वतःच्या दोन्ही बाह्या वर सारल्या. कोपरापर्यंत जुने डाग होते. 'काढा बाई फोटू,' ती म्हणाली. 'हे बी काढा. भाकरी करनारीचे हात असेच रायतात.' विजयम्मा तिथंच पाटावर बसल्या होत्या. त्या ताटातली भाकर मोडून खात राहिल्या. रात्रभर मला झोप आली नाही. फोटो माझ्याजवळ होता, म्हणजे अक्का माझी होती. तरी आनंद होत नव्हता.

सकाळी उठले ती तापानं. आधी अंग मोडून आलं, मग हुडहुडी भरली. दादानं शेजारच्यांची जीप बोलावली. मंडलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेलं, हिवताप निघाला, सलाईन लावलं. अक्काला घरी एकटी ठेवता येईना म्हणून तीही आली, विजयम्माही आल्या. दुपारपर्यंत ताप डोक्यात चढला असावा. मला सगळं ऐकू येत होतं, दिसत होतं, पण जीभ हलत नव्हती. शब्द मनात तयार व्हायचा आणि ओठापर्यंत यायच्या आत सुटून जायचा. हात उचलायला जावं तर तो दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा पडून राहायचा.

डोक्यावर पंखा जोरात फिरत होता आणि मी थंडीनं मरत होते. दातावर दात आपटत होते. दादानं कपाळाला हात लावला. 'अंग तव्यावानी तापलं. पंखा अजून वाढवता येते का?' वहिनी म्हणाली, 'बाईले पंखा लागतेच. तिच्या घरी दिवसभर चालू रायते. गरमी सहन होत नाई तिले.' दोघं माझ्या मायेनंच बोलत होती. माझ्या अंगावरून एकमेकांशी बोलत होती. मला काय लागतं, काय सोसत नाही, सगळं त्यांना माहीत होतं आणि त्यातलं काहीच खरं नव्हतं. मी आतून ओरडत होते, बंद करा, बंद करा. बाहेर नुसती घरघर. इतकी एकटी मी आईच्या मरणाच्या दिवशीही नव्हते. मी मनात शरण मागितलं. रोज तोंडानं म्हणते ती तीन वचनंसुद्धा आठवेनात. शरण एवढाच शब्द राहिला. कोणाला, कशाला, काही नाही.

पंखा थांबला.

दादा उठला आणि त्यानं बटण दाबलं. पंखा पुन्हा फिरू लागला. पुन्हा थांबला. भिंतीशी अक्का उभी होती, बटणावर पंजा ठेवून.

'अक्का, सोड ते. बाईले ताप हाय,' दादा म्हणाला.

'नाई.'

'अवं सोड म्हनलं ना!' दादानं तिचा हात धरून ओढला. अक्कानं त्याला ढकललं. आयुष्यात कोणावर हात न उगारलेली अक्का! 'नाई! नाई!' सगळा वॉर्ड बघायला लागला. नर्स धावत आली आणि म्हणाली, 'यांना बाहेर न्या.'

'थांबा,' विजयम्मा म्हणाल्या. 'ती काय सांगून राह्यली ते आधी बघा.'

दादानं हात सोडला. अक्का माझ्या खाटेशी आली. डोक्यावरची शाल काढून तिनं माझ्या पायांवर टाकली, आत हात घातला आणि माझे तळवे आपल्या खरखरीत हातांत घेऊन चोळू लागली. चोळताना ती माझ्या तोंडाकडे बघत होती. एकसारखी, पापणी न लववता. त्या दुपारी त्या खोलीत माझ्या तोंडाकडे बघणारी ती एकटी होती. विजयम्मा वाकल्या. 'मॅडम, थंडी वाजते काय? वाजत असेल तर डोळे मिटा.' मी डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते थांबेना. कोणीतरी घोंगडी आणली. वहिनी म्हणत होती, 'आमाले कसं नाई समजलं व माय.'

आमच्या धम्मात वरून कोणी येऊन वाचवत नाही. विहारात मुलांना मी हेच शिकवते आणि आजही शिकवीन. अक्काला माझी थंडी कशी कळली, हे मला सांगता येत नाही. थरथरणारे पाय दिसले असतील. जन्मभर तिलाही आपलं म्हणणं असंच, अंगानं सांगावं लागलं म्हणून ती भाषा तिला येत असेल. किंवा काही वेगळं असेल. मी त्याच्या मागे लागले नाही. मी शरण मागितलं आणि माझ्यासाठी कोणीतरी उभं राहिलं, एवढं घडलं. ज्या बहिणीच्या वतीनं मी सगळं बोलत आले, ती माझ्या वतीनं बोलली, आणि माझ्या मनातलं बरोबर बोलली.

ताप उतरला, मी बरी झाले. काही आठवड्यांनी कचेरीत बोलावणं आलं. विजयम्मा उभ्या राहिल्या आणि अक्कानं कुठं काय केलं, कुठं काय खाल्लं, कधी हसली, कधी दाराकडे बघत बसली, तेवढं सांगितलं. स्वतःचं मत असं एकही वाक्य नाही. माझ्याबद्दल वाईट शब्द नाही. उलट म्हणाल्या, 'मॅडमकडे यांना काही कमी नव्हतं. पण यांना काम पाहिजे आणि यांची माणसं पाहिजेत.' मग कमिटीच्या साहेबांनी मला विचारलं, 'गावच्या घराबद्दल तुमची काही तक्रार आहे?'

मोबाइल पर्समध्ये होता. मी अक्काकडे बघितलं. ती वहिनीच्या बांगड्या मनगटावर मागे-पुढे सरकवत रमली होती, माझ्याकडे लक्षही नव्हतं. दवाखान्यातलं सगळं आठवत असूनही छातीत तीच कळ उठली. मला वाटलं होतं ती गेली असेल. ती तशीच होती. ती कळ तशीच धरून मी म्हणाले, 'नाही साहेब. काही तक्रार नाही. तिला गावी राहू द्या. पालक वहिनीलाच करा. दवाखान्याचं मी बघेन.'

बाहेर व्हरांड्यात मी रडायला लागले. वहिनी जवळ आली. 'नका रडू बाई. तुमचीच बहीण हाय. कवाबी या, कवाबी न्या.'

मला ते गोड बोलणं सोसेना. 'वहिनी,' मी म्हटलं, 'मी तुमच्यावर जळते. वर्षभर जळून राहिले.'

'मले ठाव हाय,' वहिनी म्हणाली. 'मी बी तुमच्यावर जळत व्हती. सासूबाईचं शेवटचं सगळं मी केलं. उचलनं, धुनं, भरवनं. अन् त्या मरेपर्यंत तुमचंच नाव घेत व्हत्या. बाई आली का, बाई आली का. एक डाव माह्यं नाव घेतलं असतं तर माह्यं काय वाईट झालं असतं?'

आई माझं नाव घेत होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघी तिथंच पायरीवर बसलो. अक्का आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसली आणि 'च्या' म्हणाली. आम्ही तिला घेऊन चहा प्यायला गेलो. विजयम्मांना हाक मारली, पण त्यांना दुसऱ्या कोणाकडे तरी जायचं होतं. पिशवी काखेत मारून त्या गर्दीत निघून गेल्या. मी त्यांचे नीट आभारसुद्धा मानले नाहीत. हे लिहिणं म्हणजे ते आभार समजावेत.

अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ती गावी आहे, आणि सुट्टी मिळाली की मी बस पकडते. मत्सर गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. वहिनीच्या पाठीला रेलून अक्का बसली असली की अजून चरकन होतं. पूर्वी मी त्याच्याशी भांडायची. आता तो आला की, आला, एवढं स्वतःशी म्हणते आणि अंगणात जाते. त्या दुपारी माझं काहीच चालत नव्हतं, तेव्हाच मला ऊब मिळाली, हे आठवून मन थोडं सैल पडतं. शरण जाणं म्हणजे हात मोकळे सोडणं असेल, तर मला अजून ते एकेका बोटानं शिकावं लागतं आहे. गावच्या विहारात मी अक्काच्या सतरंजीशी जाऊन उभी राहते. कधी ती सरकून जागा करून देते, कधी देत नाही. ते तिचं तिनं ठरवायचं.